जुना पीसी ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगात पळवायचाय? मग आधी नागपूरचा उन्हाळा धरून चाला
घरात २०११ वाला इंटेलचा आय५-२५००के प्रोसेसर पडून असेल तर भाऊ, त्यात अजून दम आहे. पण नावात तो 'के' पाहिजे आणि मदरबोर्डचा चिपसेट पी६७, झेड६८ नाहीतर झेड७७ पाहिजे, एच६१ असेल तर विषय तिथंच संपला.

आधी धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरमधली सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, सीताबर्डीत मिळून जाते. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारं सेटिंग) मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला गुणणारा आकडा, ३८ करा, चाललं तर एकेक वाढवत ४० पर्यंत, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले ४०, झाले ४ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका, साटा-पीसीआय (हार्डडिस्क, कार्ड वगैरेंचे जोड) सगळं त्यालाच लटकलेलं असतं. व्होल्टेज ऑटोवर सोडलं की काही बोर्ड उगाच जास्त देतात, १.३५ व्होल्टच्या खालीच ठेवा. प्रत्येक वेळी प्राइम९५ हे प्रोसेसरला ताण देणारं सॉफ्टवेअर तासभर चालवा, टेम्परेचर ८० च्या आत पाहिजे. ब्लू स्क्रीन आली तर एक पायरी खाली या, पीसी चालूच नाही झाला तर प्लग काढून बोर्डवरचा सेल थोडा वेळ काढा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.

आणि जानेवारीत पास झालेलं सेटिंग मे महिन्यात ४५ डिग्रीत टिकेलच असं नाही, तेव्हा परत टेस्ट करा. कॅबिनेट एअर कूलरसमोर मात्र ठेवू नका बाप्पा, ती हवा ओली असते.