जुनं पुस्तक घेताना आधी आवृत्ती पाहा

इतिहासाचं किंवा प्रवासाचं जुनं पुस्तक हातात आलं की किमतीआधी आतलं पहिलं पान उघडा. आवृत्ती कितवी, साल कोणतं, संपादक कोण, हे तिथेच कळतं. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. 1857 च्या धामधुमीचं हे डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती आली 1966 साली. गोडसे भटजींचीच भाषा वाचायची असेल, तर मूळ हस्तलिखितावर आधारलेली प्रत शोधा, नवी मिळाली तरी उत्तम. वैद्यांची जुनी प्रत संग्रहासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या.

मग पुस्तकाच्या शेवटी जा. घडीचे नकाशे, वंशावळी आणि सूची नेमक्या तिथेच असतात आणि फाटतात, गळतातही तिथेच. अनुक्रमणिकेतली नकाशांची यादी प्रत्यक्ष पानांशी ताडून बघा. नकाशा नसलेलं मोहिमेचं पुस्तक मी तरी घेत नाही, कितीही स्वस्त असो. कडेचा एखादा डाग चालतो. शिवणीजवळ कसरीची बारीक भोकं दिसली तर मात्र नको, कारण ती कीड घरातल्या बाकीच्या पुस्तकांतही शिरते. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून श्रेयपानाचा, म्हणजे आवृत्ती आणि साल छापलेल्या पानाचा, आणि नकाशाचा फोटो मागवा.

राहण्याची सोय, गाड्यांच्या वेळा सांगणारी मार्गदर्शिका मात्र नवीच घ्यावी.