टॅरोमधला ‘हँग्ड मॅन’ कसा वाचावा

टॅरो म्हणजे मनातल्या प्रश्नांचा अंदाज घ्यायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यांच्या गड्डीतून १२ क्रमांकाचा ‘हँग्ड मॅन’ निघाला की समोरच्याचा चेहरा पडतो. उलटा टांगलेला माणूस! यातून चांगलं ते काय निघणार? अशा वेळी लगेच अर्थाचं पुस्तक उघडू नका. पत्ता हातात घ्या आणि मिनिटभर नुसता बघा. पुढचं वर्णन रायडर-वेट गड्डीचं आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या गड्डीतली चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. नंतरच्या कितीतरी गड्ड्या तिच्यावरच बेतलेल्या आहेत.

१. सुरुवात चेहऱ्यापासून करा. नजर आधी दोरीकडे धावते, ती मुद्दाम खाली आणा. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही, उलट तंद्री लागल्यासारखा शांत भाव आहे. डोक्याभोवती पिवळं तेजोवलय आहे. शिक्षा भोगणाऱ्या गुन्हेगाराला कुणी असं वलय काढत नाही. शिवाय तो गळ्याने लटकलेला नाही, पायाने लटकला आहे.

२. मग खांब. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या या लाकडाला पानं फुटली आहेत. सगळं थांबलंय, पण वाळलेलं काहीच नाही.

३. आता हातपाय नीट बघा, खरी मेख इथेच आहे. उजवा पाय बांधलेला, डावा गुडघ्यात दुमडून त्यामागे नेलेला. हात पाठीमागे आहेत; ते बांधलेत की त्याने स्वतःच तसे धरलेत, हे चित्रात दिसतच नाही. म्हणून पत्ता काढणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्हाला कुणी अडकवलंय, की तुम्ही आपणहून थांबलाय? बहुतेक जण उत्तर द्यायला वेळ घेतात.

एक गंमत करून बघा. गड्डीतला २१ वा पत्ता, ‘द वर्ल्ड’, शेजारी ठेवा आणि हँग्ड मॅन उलटा फिरवा. त्या पत्त्यावरच्या नर्तिकेचे पाय जवळपास याच्यासारखेच, एकामागे एक दुमडलेले. लटकलेला माणूस एकदम नाचताना दिसायला लागतो. १२ आणि २१, आकडेही उलटसुलट! हे ठरवून केलं असेल-नसेल, मला मात्र या जोडीमुळे पत्ता पाठ करावा लागला नाही.

४. थोडा इतिहास माहीत असू द्या. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले आणि हा पत्ता तिथे ‘गद्दार’ म्हणून ओळखला जाई. त्या काळी इटलीतल्या शहरांत गद्दारांची एका पायाने टांगलेली चित्रं चारचौघांत भिंतींवर रंगवत, बदनामी व्हावी म्हणून. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने तर हा पत्ता चुकून उलटा छापला गेलाय, मुळात तो सुलटा उभा ‘विवेक’ आहे, असं ठासून लिहिलं. त्यांचा तर्क साफ चुकीचा होता, पण पत्ता फिरवून बघायची सवय चांगली.

५. शेवटी तो प्रश्नाला जोडा. ‘नोकरी सोडू का?’ या प्रश्नावर हा पत्ता आला, तर त्याला होकार किंवा नकार समजू नका. निर्णय काही दिवस टांगणीवर ठेवा आणि तोच प्रश्न उलटा करून विचारा: नोकरीने मला सोडलं, तर मला कशाची हुरहुर वाटेल? त्याग हा अर्थही पुस्तकांत मिळेल, पण तो आधी हातातलं काहीतरी सोडण्याचा, मग सोसण्याचा.

पत्ता उलटा, म्हणजे वरची बाजू खाली असा आला तर? नवख्यांनी सुरुवातीला उलटे अर्थ धरूच नयेत, असं माझं मत आहे. तरी धरायचेच असतील, तर या पत्त्यापुरता एकच लक्षात ठेवा: थांबण्याचं कारण संपलं, तरी माणूस सवयीने लटकून राहिलाय.

पत्ता गड्डीत परत ठेवण्याआधी तुमचा प्रश्न, तारीख आणि चित्रात पहिल्यांदा काय दिसलं ते वहीत टिपा. पुढच्या वेळी हाच पत्ता निघाला की ते पान काढा. बऱ्याचदा पहिल्या वेळी ‘दोरी’ लिहिलेली असते, दुसऱ्या वेळी ‘पानं’.