रेग्युलेटर घेताय? आधी विचारा, सर्व्हिस कोण करणार?

मास्क आणि फिन्स स्वतःचे झाले की बडोद्यातली आमची डायव्हिंगची मंडळी पुढचा प्रश्न हमखास विचारतात: "ताई, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी आधी उलट विचारते, त्याची सर्व्हिस कोण करणार? मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं रोजचं काम प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह तपासण्याचं आहे. कितीही महागडा व्हॉल्व्ह आणा, आतली सीट (जिच्यावर टेकून व्हॉल्व्ह बंद होतो) आणि ओ-रिंग (हवा रोखणारं रबरी कडं) झिजणारच. ज्या मॉडेलची सर्व्हिस किट भारतात मिळते आणि कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ ज्याला हात लावतो, तेच मॉडेल घ्या. किट परदेशातून मागवावी लागत असेल तर कितीही सूट मिळो, मी तो सेट घेणार नाही.

आता आत काय चालतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय दुकानदाराचं बोलणं कळत नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणते; हाच मधला दाब. तोंडातली सेकंड स्टेज उरलेला दाब उतरवते आणि तुम्ही ओढाल तेव्हाच हवा देते. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरमध्येही डायाफ्राम (रबरी पडदा), लिव्हर आणि स्प्रिंगच असते. फरक इतकाच की त्याच्या डायाफ्रामच्या एका बाजूला नेहमी खोलीतली हवा असते, तर डायव्हरच्या रेग्युलेटरला पाण्याचा बदलता दाब सोसावा लागतो. दर १० मीटरला १ बार वाढतो. २० मीटरवर एकूण दाब ३ बार, म्हणजे प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा तिप्पट हवा लागते. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागेल तेवढीच हवा देणारं हे यंत्र डायव्हिंगसाठी उभं केलं. गान्यां हा गॅस कंपनीतला इंजिनिअर होता आणि युद्धकाळात मोटारी गॅसवर चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हवरून त्याचं काम सुरू झालं. माझ्यासारख्या व्हॉल्व्हवाल्यांना याचा अभिमान वाटतो.

म्हणूनच आमच्या लालबागच्या तरणतलावात श्वास घेऊन रेग्युलेटर निवडू नका. दोन मीटर पाण्यात सगळेच छान वाटतात. खरी परीक्षा खोलात, सिलिंडर संपत आलेला असताना आणि दम लागलेला असताना होते. इथे 'बॅलन्स्ड' हा शब्द महत्त्वाचा. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनवाल्या फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब उतरला की मधला दाबही थोडा उतरतो आणि श्वास जड होतो. बॅलन्स्डमध्ये २०० बारला जसा श्वास येतो तसाच ५० बारलाही येतो. पैसे वाचवायचे तर रंग आणि नक्षीत वाचवा, इथे नको. युरोपचं ईएन २५० हे मानक बघा; त्यात ५० मीटर खोलीच्या दाबाला श्वासासाठी किती जोर लागतो ते मोजतात. अंगावर 'ईएन २५० ए' कोरलेलं असेल तर एका सिलिंडरवर दोघांनी श्वास घेण्याची चाचणीही झालेली आहे.

फर्स्ट स्टेज पिस्टनची की डायाफ्रामची? पिस्टनचे सुटे भाग कमी, पण पाणी त्याच्या कप्प्यात शिरतं, म्हणून गोड्या पाण्यात नीट धुवावा लागतो. डायाफ्रामच्या आत पाणी जात नाही. मालवणला गाळ आणि वाळू असते, तेव्हा मी डायाफ्राम घेते. जोडणीत डीआयएन जास्त भक्कम, कारण ती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये पेचाने बसते आणि ओ-रिंग आत बंद राहते. पण आपल्याकडच्या बोटींवर बहुतेक योकचेच (वरून पकडीने आवळायच्या जोडणीचे) सिलिंडर येतात. डीआयएन घेऊन सोबत योकचा अडॅप्टर ठेवा किंवा सरळ योक घ्या. अडॅप्टर विसरलात तर बोटीवर भाड्याचा सेट लावावा लागेल.

माउथपीसबद्दल (दातांत धरायच्या रबरी तुकड्याबद्दल) कुणी बोलत नाही, पण तासभर जबडा तोच धरून ठेवतो. लहान जबड्याला लहान घ्या. ऑक्टोपसची (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजची) होज म्हणजे नळी पिवळी आणि लांब असावी, बडीला म्हणजे जोडीदाराला चटकन दिसायला हवी.

जुना सेट घेताना घाई नको. गेल्या उन्हाळ्यात ग्रुपमधला एक मुलगा असाच चकचकीत सेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) काढून दिवा खाली आणला तर फर्स्ट स्टेजच्या तोंडाचा फिल्टर हिरवट झालेला. कधीतरी कॅप न लावता पाण्यात बुडवला असणार आणि आत पाणी गेलं असणार. (तांबूस दिसला तर स्टीलच्या सिलिंडरमधला गंज समजा.) त्याला मी सांगितलं, सर्व्हिसचा पूर्ण खर्च किमतीतून वजा कर, नाहीतर सोड. त्याने सोडला.

तपासण्या सोप्या आहेत. डस्ट कॅप घट्ट लावून माउथपीसमधून हलकेच ओढा, हवा येता कामा नये. आली तर कुठेतरी चीर आहे किंवा एक्झॉस्टचा (सोडलेला श्वास बाहेर जाण्याचा) पडदा दुमडला आहे. मग सिलिंडर पूर्ण उघडून गेजकडे बघत चार खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. अशा सेटने पाण्यात उतरू नका. तिसरी तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्या: मधल्या दाबाचा गेज बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) होजला लावून काटा स्थिर राहतो का बघायचं. हळूहळू चढत असेल तर सीट गेली. होजवरची प्लास्टिकची संरक्षक नळी सरकवून खालचं रबरही बघा, भेगा तिथेच पडतात.

धुताना पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका, दाबलंत तर पाणी होजमधून वर चढतं. होज घट्ट गुंडाळून ठेवू नका.

सर्व्हिसची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत असते, बहुतेक एक किंवा दोन वर्षांची, किंवा ठरावीक डाइव्हची. पावसाळ्यात मालवण आणि कर्नाटकातलं मुरुडेश्वर, दोन्हीकडचं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे जूनमध्ये सेट पाठवून द्यायचा. सर्व्हिस होऊन आलेला सेट थेट बोटीवर नेऊ नका. आधी तरणतलावात सिलिंडर लावा, दोन्ही सेकंड स्टेज तोंडात घेऊन श्वास घ्या, जोडणीच्या ठिकाणी बुडबुडे येतात का ते जोडीदाराला बघायला सांगा आणि काही खटकलं तर तो तसाच परत पाठवा.