जिनिंगमधल्या मजुराला आपली मजुरी रास्त वाटते का, हे कसं ओळखावं

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी हजेरी आणि चुकाऱ्याचं, म्हणजे मजुरी वाटपाचं, पाहतो. ऐन हंगामात मजूर गळू लागले की मालक लोक म्हणतात, "काहून? पैसे तं वेळेवर देतो ना!" पण मजूर नुसता आकडा पाहत नाही. आपण काय दिलं, काय मिळालं आणि शेजारच्याने काय देऊन काय मिळवलं, हे तो ताडून पाहतो. जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने 1963 साली हेच मांडलं.

म्हणून आधी विचारा, तुलना कोणाशी आहे? ऑफिसात बोलावलं तर कोणी सांगणार नाही. पाळी सुटल्यावर, हातपाय धुताना विचारा. एक जण बाहेरून आणलेल्या टोळीकडे बोट दाखवेल, दुसरा बुटीबोरीला कंपनीत लागलेल्या भावाकडे, तिसरा स्वतःच्याच मागच्या हंगामाकडे. तक्रार एकच, पण इलाज वेगळे.

मग वहीत दोन रकाने पाडा. 'दिलं'मध्ये तास, रात्रपाळी, नाकातोंडात जाणारी धूळ, मशीनची जाण. 'मिळालं'मध्ये मजुरी, अडीनडीला उचल, दिवाळीचा बोनस, रात्री गावापर्यंत सोडणारी गाडी. आणि मान. कापसातला कचरा वेचणारी एक बाई मला म्हणाली, "मजुरी सारखीच हाय जी, पण कालच्या पोट्ट्याले नावानं हाका मारता अन् मले 'ए बाई'!" तिचं म्हणणं पैशाइतकंच खरं आहे.

आता भागाकार करा. समजा एकाला 8 तासांचे 400, दुसऱ्याला 12 तासांचे 540. दुसऱ्याच्या हाती जास्त पडले, पण तासाला 50 ऐवजी 45. त्याचा राग रास्तच आहे. कारखान्यात जादा तासाचा दर कायद्याने दुप्पट आहे. हे आधी दुरुस्त करा, गोड बोलणं नंतर.

अन्याय वाटला की माणूस लगेच भांडत नाही. हात सैल पडतो, खाडे वाढतात, मग तो दुसरी जिनिंग धरतो. अमेरिकेत जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये दाखवलं, की 15 टक्के पगारकपातीनंतर कारखान्यात चोऱ्या वाढल्या. पण जिथे कारण नीट, आपुलकीने समजावलं तिथे त्या बऱ्याच कमी राहिल्या.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी चुकारा असतो. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला त्याची हजेरी दाखवा, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. कोणाला जास्त दर दिला असेल तर कारण चारचौघांत सांगा. उचल किती कापली, ते मात्र ज्याचं त्याला एकट्याला.