पेन्शनवर आधी घर चालवून पाहा, मग व्हीआरएसचा अर्ज द्या

31 जुलै 2025 ला मी सरकारी रुग्णालयातून स्वेच्छानिवृत्ती (व्हीआरएस) घेतली. वय 51, नोकरी 25 वर्षांची, त्यातली बरीचशी प्रसूती कक्षातली. तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो. कुणी सिस्टर असते, कुणी लॅबमधली, कुणी कार्यालयातला क्लार्क. प्रश्न एकच: "ताई, परवडतं का हो?" फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

आधी हे कुणासाठी आहे ते सांगते. महाराष्ट्र शासनात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत, म्हणजे जुनी पेन्शन. माझं गणित त्यांच्यासाठी आहे. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्या मैत्रिणींनी ते जसंच्या तसं उचलू नये. केंद्राच्या युनिफाइड पेन्शन स्कीममध्ये तर 25 वर्षांनंतर स्वेच्छेनं बाहेर पडता येतं, पण पैसे सुरू होतात ते निवृत्तीचं ठरलेलं वय पूर्ण झालं असतं त्या दिवसापासून. मधली वर्षं तशीच. तुमच्या योजनेत हा मुद्दा कसा आहे ते सगळ्यात आधी लेखी विचारा.

आमच्या नियमांत 20 वर्षांची अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) झाली की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येतं आणि शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन बसते. यातला "अर्हताकारी" हा शब्द दोनदा वाचा. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा त्यात धरली जात नाही. सेवेतले खंड क्षमापित (माफ) झालेले नसले तर तेही अडतात. माझ्या सर्व्हिस बुकात आधीच्या एका कार्यालयातल्या जवळजवळ दोन वर्षांच्या सेवा पडताळणीची नोंदच नव्हती. पगार निघाला, भविष्य निर्वाह निधीची कपात झाली, पण पुस्तकात शेरा नाही. तो मिळवायला मला सात महिने आणि चार फेऱ्या लागल्या. नोटीस देऊन मग हे कळलं असतं तर पगार बंद, पेन्शन नाही आणि मी त्या कार्यालयाच्या बाकावर. म्हणून सर्व्हिस बुकाची पानन् पान झेरॉक्स काढून घरी आणा. वेतननिश्चितीची पडताळणी, नामनिर्देशन, जन्मतारीख, नावातलं स्पेलिंग, सगळं बघा.

आता आकडे. माझं वेतन नेमकं सांगत नाही, हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ वेतन 70,000 धरू.

नोकरीत असताना 55 टक्के डीए (महागाई भत्ता) म्हणजे 38,500 आणि गावाकडच्या वर्गवारीत 10 टक्के घरभाडं म्हणजे 7,000. एकूण 1,15,500. पेन्शन निम्मी, 35,000. त्यावर तोच 55 टक्के महागाई भत्ता, 19,250. एकूण 54,250. घरभाडं, वाहतूक भत्ता, गणवेशाचे पैसे पेन्शनीत येत नाहीत. वरवर पाहता उत्पन्न निम्म्याहून खाली येतं, पण खरा फरक तेवढा नसतो, कारण नोकरीत असताना निधीत जाणारी रक्कम आणि आयकर हातात येतच नव्हता. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत या पगारावर वर्षाला साधारण 80,000 रुपये कर बसतो. एवढ्या पेन्शनवर, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर, काहीच बसत नाही.

पण जे जातं तेही पूर्ण बघायला हवं. मी निवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे 58 पर्यंत थांबले असते तर 3 टक्क्यांच्या सात वेतनवाढी मिळून मूळ वेतन 86,000 च्या घरात गेलं असतं आणि पेन्शन 43,000 च्या. याच 55 टक्के डीएनं मोजलं तरी महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास फरक, तोही आयुष्यभर. शिवाय सात वर्षांचा पगार आणि पेन्शन यांमधला फरक. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिला होता. नवरा म्हणाला, "हे बघून तू घाबरशील." मी म्हटलं, घाबरायचं असेल तर आत्ता घाबरू दे, अर्ज दिल्यावर नको.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अंशराशीकरण. आपण सगळे त्याला "पेन्शन विकणं" म्हणतो. पेन्शनीच्या 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो, त्याची एकरकमी किंमत मिळते आणि 15 वर्षांनी तो भाग परत सुरू होतो. 35,000 पैकी 14,000 विकले की हातात येतात 40,250. महागाई भत्ता मात्र पूर्ण 35,000 वरच मिळत राहतो, हे अनेकांना माहीत नसतं. किंमत वयानुसार तक्त्यातल्या गुणकानं ठरते. मी अंदाजासाठी साडेआठ धरला: 14,000 गुणिले 12 गुणिले 8.5, म्हणजे 14,28,000. त्याबदल्यात 15 वर्षांत 25,20,000 सोडायचे. व्याजाच्या भाषेत हे साधारण 8 टक्क्यांनी घेतलेल्या कर्जासारखं आहे, फक्त माणूस मधेच गेला तर उरलेली कपात कुटुंबाच्या पेन्शनीतून होत नाही. म्हणून माझं मत असं की डोक्यावर 8 टक्क्यांहून महाग कर्ज असेल तर विका. "सगळेच 40 टक्के विकतात" म्हणून, किंवा गावी घराला दुसरा मजला चढवायचा म्हणून विकू नका. लहान वयात निवृत्त होणाऱ्याला दरमहा येणाऱ्या पैशाची गरज जास्त वर्षं असते.

हे सगळं वहीत मांडून मला वाटलं होतं की झालं, परवडतंय. मग मैत्रिणीच्या सासऱ्यांनी, जे कोषागारातून निवृत्त झाले होते, एक साधी गोष्ट सांगितली: "कागदावर सगळ्यांना परवडतं. सहा महिने जगून बघ."

जून 2024 पासून मी तेच केलं. पगार एका खात्यात, आणि दर एक तारखेला त्यातून फक्त 40,000 दुसऱ्या खात्यात. जणू पूर्ण 40 टक्के पेन्शन विकलेली आहे. घर त्या 40,000 वरच चालवायचं. नवऱ्याचा पगार शून्य धरायचा, ही अट मी मुद्दाम घातली. ते खासगी कंपनीत आहेत, तीन वर्षांत 58 चे होतील. त्यांची ईपीएस-95 ची, म्हणजे खासगी नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीबरोबरची पेन्शन आम्ही काढून पाहिली तर चार हजारांच्या आसपास बसते आणि तिला महागाई भत्ताच नाही. त्यांच्या पगारावर टेकून मी निर्णय घेतला असता तर तो तीन वर्षांपुरताच बरोबर ठरला असता.

जून, जुलै सुरळीत गेले. ऑगस्टमध्ये गाडीचा विमा आला, सप्टेंबरात गणपती आणि एलआयसीचा हप्ता एकाच पंधरवड्यात. खातं 19 तारखेला रिकामं. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना न्यूमोनिया झाला, पाच दिवस दवाखाना. त्या महिन्यात मी पगाराच्या खात्याला हात लावला आणि वहीत तसं लिहून ठेवलं. नोव्हेंबरात दोन लग्नं, आहेर. जानेवारीत घरपट्टी.

पंचवीस वर्षं हे खर्च होतेच की. पण पगारातून जे उरायचं त्यात ते विरघळून जायचे, म्हणून ते "महिन्याचा खर्च" या शब्दात मी कधी धरलेच नव्हते. आता एक वेगळं पान केलं: वर्षातून एकदाच येणारे खर्च. विमे, घरपट्टी, सण, आहेर, चष्मा, दात, फ्रिजची दुरुस्ती, देवाला जाणं. बेरीज आली 1,08,000. म्हणजे महिन्याला 9,000, जे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. मला कुणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हे पान करायला सांगेन. महिन्याच्या किराण्यात फार चूक होत नाही, चूक इथे होते.

या तालमीनं दोन निर्णय बदलले. पेन्शन 40 ऐवजी 20 टक्केच विकली, म्हणजे 7,000 ची कपात आणि हातात 47,250. आणि निवृत्ती आणखी काही महिने पुढे ढकलली, तोवर घराच्या कर्जाचे शेवटचे हप्ते पगारातून फिटले. कंबरेतल्या मणक्याचं दुखणं होतंच, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. रात्रपाळीत चार बाळंतपणं झाली की सकाळी पायऱ्या उतरता येत नव्हत्या. तरी थांबले. प्रभारी सिस्टरनं रात्रपाळ्या कमी केल्या, त्या माऊलीचे उपकार आहेत.

एकरकमी पैशाबद्दल थोडक्यात. ग्रॅच्युइटी सेवेच्या दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याच्या वेतनानं बसते, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांची. शिल्लक अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत विकता येते, मूळ वेतन अधिक डीएनं. 300 दिवस पूर्ण असतील तर आपल्या उदाहरणात 10,85,000 होतात, तेव्हा शेवटच्या वर्षांत रजा उधळू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या 8.2 टक्क्यांवर मात्र पन्नाशीत हिशेब बांधू नका. ती 60 नंतरची आहे. 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांना सवलत आहे, 51 व्या वर्षी ती मिळत नाही. मी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यात 15 लाख ठेवले. 7.4 टक्क्यांनी महिन्याला 9,250 येतात आणि ते थेट त्या "वर्षातून एकदा" पानासाठी जातात. महागाईनं या 15 लाखांची किंमत कमी होत जाणार, हे मला मान्य आहे. म्हणूनच निधीचे पैसे मोडलेले नाहीत.

नोटीस देताना तारीख वेतनवाढीनंतरची धरा. माझी वाढ 1 जुलैला होती, म्हणून 31 जुलै. एक वाढ पुढे जन्मभर पेन्शनीत राहते. नोटिशीच्या मुदतीत नकार आला नाही तर निवृत्ती आपोआप अमलात येते, आणि दिलेला अर्ज मागे घ्यायला नियुक्ती प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही त्या तारखेच्या आत मागावी लागते. म्हणून रागाच्या भरात, एखाद्या वरिष्ठाशी खटका उडाला म्हणून अर्ज टाकू नका. माझ्या एका सहकारी बाईंनी तसा टाकला, आणि तीन महिने त्या रोज रडल्या.

पेन्शनचं प्रकरण महालेखाकार कार्यालयात जातं. आमच्याकडचं मुंबईला, विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला. तिथून आदेश येऊन कोषागारातून पहिली पेन्शन माझ्या खात्यात पडली ती नोव्हेंबरात. मधले तीन महिने आम्ही बाजूला काढलेल्या पैशावर जगलो. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नका, प्रकरण कितीही स्वच्छ असलं तरी.

घरी बसून काय बोलणं झालं तेही सांगते, कारण फोनवर हे कुणी विचारत नाही. माझ्यामागे नवऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतन किती मिळेल हे मी त्यांच्यासमोर काढून दाखवलं: मूळ वेतनाच्या 30 टक्के, 21,000, अधिक डीए, मिळून 32,550. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असं मोजायचं नसतं." पण मोजलं. मुलीला सांगितलं की फार्मसीची फी बाबांच्या पगारातून होईल, परदेशी शिक्षणाचा खर्च आमच्याकडून होणार नाही. ती रागावली नाही, पण तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं. मणका आणि तिची स्वप्नं यांतलं एक मी निवडलं, असं काही रात्री मनात येतं. तिला ते बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू मला पाच वर्षांनी अंथरुणावर नको आहेस." निर्णयात हेही धरलेलं आहे, वहीत त्याचं पान नाही एवढंच.

शेवटचं औषधपाण्याचं. सेवेत असताना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, त्या भरवशावर आपण स्वतःचा आरोग्यविमा घेतच नाही. मी ऑगस्ट 2024 मध्ये, नोटीस देण्याच्या आठ-नऊ महिने आधी, नवऱ्याचा आणि माझा घेतला. मणक्याचं दुखणं आधीचं असल्यानं त्याला तीन वर्षांची प्रतीक्षा आहे, म्हणजे ऑगस्ट 2027 पर्यंत त्या दुखण्याचं ऑपरेशन करावं लागलं तर खर्च आमचा. त्यासाठी पाच लाखांची वेगळी ठेव केली आहे. पावतीवर मी पेन्सिलनं "कंबर" असं लिहून ठेवलंय, आणि अजून तिला हात लावावा लागलेला नाही.