पहिलं गाणं स्वतःच रिलीज करायचंय? मग आधी एवढं करून घ्या

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या मंडळींना सगळ्यात जास्त घाई असते ती गाणं एकदाचं बाहेर काढायची, आणि ते साहजिकच आहे, महिनोन्‌महिने एकाच गाण्याला चिकटून बसल्यावर धीर धरवत नाही. पण पाठीशी लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, नसताना पुढची दहा वर्षं कशावर काढायची तर गाण्यांच्या हक्कांवर, आणि ते हक्क कोणाचे हे रिलीजच्या आधीच ठरून जातं. म्हणून माझा आग्रह आहे की मिक्सची, म्हणजे आवाज आणि वाद्यं नीट एकत्र बसवून होण्याची, वाट बघत बसू नका, आधी कागद करा.

मुळात एका गाण्यात दोन हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, म्हणजे रचनेचा, आणि दुसरा त्याच्या रेकॉर्डिंगचा, ज्याला सगळे मास्टर म्हणतात. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटेने येतात आणि मालकही वेगवेगळे असू शकतात. टेलर स्विफ्टचं तर सगळ्यांना माहितीये, २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर परस्पर दुसऱ्याच्या हातात गेले, पण गाणी लिहिलेली तिने, त्यामुळे रचनेचा हक्क तिच्याकडे राहिला आणि २०२१ पासून तिने जुने अल्बम नव्याने रेकॉर्ड करून आणले, मूळ मास्टर परत विकत घ्यायला मात्र २०२५ उजाडलं. आपल्याला ते परत विकत घेणं परवडणार नाही, त्यामुळे मुळात हातातून जाऊच द्यायचे नाहीत.

तर ज्या दिवशी गाणं लिहून पूर्ण होईल त्याच दिवशी स्प्लिट शीट भरा. साधा एक कागद असतो, गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कागदोपत्री नाव, कोणी शब्द लिहिले कोणी चाल बांधली, कोणाचे किती टक्के, बेरीज बरोबर १०० आणि खाली सगळ्यांच्या सह्या. मित्राने ब्रिजच्या, म्हणजे गाण्यातल्या मधल्या वेगळ्या तुकड्याच्या, दोन ओळी सुचवल्या असतील तर त्याचे टक्के तिथेच बोलून घ्या. संकोच वाटतो मान्य आहे, पण गाणं चाललं की कोणी किती केलं होतं हे प्रत्येकाला वेगवेगळं आठवायला लागतं आणि तेव्हा बोलणं फार जड जातं. प्रोड्युसरशीही असंच, नुसती फी की कमाईत वाटा, आणि मास्टर कोणाच्या नावावर, हे निदान मेलवर लिहून घ्याच. ऑनलाइन भाड्याने घेतलेल्या बीटवर, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या तयार संगीतावर, गाणार असाल तर लायसन्स नीट वाचा, तीच बीट अजून शंभर जणांनी घेतलेली असू शकते आणि मग त्या गाण्यावर यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओतलं आपलं गाणं ओळखणारी सोय, लावता येत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात सांगते. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, माइकपासून वीतभर लांब, पॉप फिल्टर (प-फ चे फटके अडवणारी जाळी) लावून गायलात तरी चांगला व्होकल मिळतो. लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मास्टर अगदी ठोकून मोठ्याने करण्यात अर्थ नाही कारण स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी. डिस्ट्रोकिडला दरवर्षी पैसे भरावे लागतात, सीडी बेबी एकदाच फी घेतं पण वर कमाईतले ९ टक्के कापतं, वर्षाला पाच-सहा गाणी काढणार असाल तर पहिलं आणि कधीतरी एखादं काढणार असाल तर दुसरं बरं पडतं. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. गाण्याला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, मिळतो तो जपून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड वापरायचा, नाहीतर गाणं आधी किती वेळा ऐकलं गेलं ते आकडे तुटतात. आणि नाव! इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदा एक ए, एकदा दोन ए असं केलंत की दोन वेगळी आर्टिस्ट पेजेस तयार होतात, आणि त्या नावाचं आधीच कोणी असेल तर तुमचं गाणं त्यांच्या पेजवर जाऊन बसतं. आधी सगळीकडे शोधून बघा.

गाणं रिलीजच्या चार आठवडे आधी अपलोड करा. २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच रिलीजचा दिवस आहे, तोच धरा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांना पिच, म्हणजे गाण्याची थोडक्यात ओळख, किमान ७ दिवस आधी गेलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये गाणं येतं, पण त्यांच्याकडे थोडा जास्त वेळ असलेला चांगला. पिचला ५०० अक्षरंच मिळतात. त्यात 'हे गाणं माझ्या मनाच्या खूप जवळचं आहे' असं लिहून जागा घालवू नका, प्रत्येकाचंच असतं. असं लिहा: 'घरीच रेकॉर्ड केलेलं संथ इंडी पॉप, नायलॉनच्या तारांची गिटार, अगदी कानाशी येऊन गायल्यासारखा आवाज, ब्रेकअपनंतर सामान बांधणाऱ्या मुलीबद्दल.' संपादकाला लगेच कळतं कुठल्या प्लेलिस्टमध्ये टाकायचं.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. त्यासाठी गाण्याची मोडतोड करू नका, पण पहिल्याच गाण्याला चाळीस सेकंदांचा इंट्रो ठेवू नका एवढं मात्र सांगेन. आणि स्ट्रीम विकत घेणं तर अजिबात नको, पकडलं गेलं की गाणं उतरवतात.

रचनेचे पैसे डिस्ट्रिब्युटर आपोआप आणून देत नाही हे बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कळत नाही! त्यासाठी आपल्या देशातल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या सोसायटीत सभासद होऊन प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं, आणि नोंदवताना टक्के लागतात ते त्याच स्प्लिट शीटमधले.

लाइव्ह गायला लागलात की ऐकणाऱ्यांचे ईमेल गोळा करा, ॲपवरचे फॉलोअर उद्या दिसतील न दिसतील पण ईमेल आपल्याकडे राहतो.

एक्स्पोर्ट करताना गाण्यासोबत आवाज नसलेला इन्स्ट्रुमेंटल आणि सगळे स्टेम्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल्स, काढून दोन ठिकाणी ठेवा. सिनेमा किंवा जाहिरातवाल्यांना गाणं वापरायला रचना आणि मास्टर दोन्हींची परवानगी लागते, आणि त्यांना ती बहुतेक वेळा कालच हवी असते. दोन्ही तुमच्याकडेच असतील, किंवा वाटेकरी असले तरी सगळ्यांच्या वतीने तुम्हीच होकार द्यायचा असं लिहून ठेवलेलं असेल, तर असा मेल आल्यावर त्याच दिवशी 'दोन्हींची परवानगी माझ्याकडूनच मिळेल, फाइल्स सोबत जोडल्यात' एवढं उत्तर पाठवून पैशांचं बोलायला लागा.