जुन्या काळातल्या फिलिपिनो वकील-पुढाऱ्याचं घराणं कसं शोधायचं

फिलिपिन्सच्या सुरुवातीच्या राजकारणात वकील खूप होते. सर्जिओ ओस्मेन्या आणि मॅन्युएल केझोन दोघंही 1903 ला वकिलीची परीक्षा पास झाले आणि पुढे दोघंही देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा माणसाची कारकीर्द चटकन सापडते, घरचे लोक मात्र सापडत नाहीत, कारण आपण वडिलांच्या आडनावामागे धावतो. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात आई आणि बायकोपासून करायची. उदाहरण म्हणून फेलिपे आगोन्सिल्यो घेऊ, बातांगास प्रांतातल्या ताल गावचा वकील, पहिला फिलिपिनो मुत्सद्दी म्हणून ओळखला जातो.

आधी नाव नीट फोडा. स्पॅनिश काळात पूर्ण नाव फेलिपे आगोन्सिल्यो इ एन्कार्नासिओन, म्हणजे आधी वडिलांचं आडनाव, मग 'इ' (आणि), मग आईचं माहेरचं. अमेरिकन आल्यावर हाच क्रम उलटा झाला, आईचं आडनाव मधे आलं आणि वडिलांचं शेवटी गेलं, त्यामुळे एकच माणूस दोन कागदांवर दोन माणसं वाटतो. लग्न झालेल्या बाईच्या नावात 'दे' आला की त्याच्या पुढचं आडनाव नवऱ्याचं आणि आधीचं माहेरचं. फेलिपेची बायको मार्सेला मारिन्यो दे आगोन्सिल्यो, म्हणजे माहेर मारिन्यो. यातल्या 'न्य' साठी स्पॅनिशमध्ये न वर लाटेसारखी खूण असते, पण टाइप करताना लोक ती गाळतात, म्हणून सर्च करताना खुणेसकट आणि खुणेशिवाय असं दोन्ही टाकून बघा.

मग आईवडील एका कागदावर लिहून काढा. फेलिपेचे रामोन आगोन्सिल्यो आणि ग्रेगोरिया एन्कार्नासिओन, मार्सेलाचे फ्रान्सिस्को मारिन्यो आणि युजेनिया कोरोनेल. आता या जोडप्याच्या सहा मुली बघा: लोरेन्झा, ग्रेगोरिया, युजेनिया, मार्सेला, आदेला, मारिया. दोन्ही आज्या आणि स्वतः आई, तिघींची नावं मुलींमध्ये आहेत! म्हणून मुलांची नावं आधी गोळा करा, आजीआजोबांचा अंदाज तिथून येतो, पण तो अंदाजच, कागद मिळेपर्यंत पक्कं धरू नका.

कागद म्हणजे मुख्यतः चर्चची रजिस्टरं: बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील आणि धर्मपिता असतात, बऱ्याचदा दोन्हीकडचे आजीआजोबाही असतात, एवढा खजिना दुसऱ्या कुठल्याच नोंदीत मिळत नाही. बऱ्याच रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म झाल्यात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर बघता येतात. जन्मतारीख माहीत नसेल तर संतांचं कॅलेंडर उघडा, मुलाला बऱ्याचदा जन्मदिवसाच्या संताचं नाव ठेवायचे. फेलिपेचा जन्म 26 मे 1859 चा आणि 26 मे हा संत फिलिप नेरीचा दिवस, स्पॅनिशमध्ये सान फेलिपे नेरी. पण हा नियम नाही हं, मार्सेलाचा जन्म 24 जूनचा, तो संत जॉनचा दिवस, तिच्या नावाशी काही संबंध नाही.

1849 च्या मागे जाताना सावकाश. त्या वर्षी स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची यादी काढून गावोगाव आडनावं वाटली, त्यामुळे सारखं आडनाव म्हणजे नातं असं समजू नका, आणि आजोबा-पणजोबा वेगळ्याच आडनावाने नोंदलेले असू शकतात. आगोन्सिल्यो सर्च केलं की बातांगासमधलं त्याच नावाचं गावही येतं आणि इतिहासकार तेओदोरो आगोन्सिल्योही येतात, म्हणून सोबत गाव आणि आईचं आडनाव टाकाच.

बायकांच्या बाजूने गेलं की काय हाती लागतं ते बघा. फिलिपिन्सचा झेंडा 1898 मध्ये हाँगकाँगला मॉरिसन हिल रोडवरच्या 535 नंबरच्या घरात शिवला गेला, मार्सेला, थोरली लोरेन्झा आणि देल्फिना एर्बोसा दे नातिविदाद यांनी, पाच दिवसांत. 12 जूनला कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा तोच झेंडा फडकला. यातली देल्फिना ही फिलिपिन्सचा राष्ट्रीय वीर होसे रिझाल याची भाची, पण तिच्या नावात रिझाल कुठेच नाही, एर्बोसा वडिलांचं, नातिविदाद नवऱ्याचं, नातं आहे ते आई लुसिया रिझालकडून. नुसती आडनावं लावत बसलात तर हा धागा कधीच सापडणार नाही.

कारकिर्दीच्या तारखा शेवटी, घरच्या नोंदींच्या शेजारी मांडा. फेलिपे पॅरिस-वॉशिंग्टनला देशाची बाजू मांडायला दारोदार फिरत होता, त्याला कुणी ऐकून घेतलं नाही, 10 डिसेंबर 1898 च्या स्पेन-अमेरिका तहात स्पेनने 2 कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, आणि इकडे हाँगकाँगमध्ये मार्सेला पोरींना सांभाळत पैशांसाठी दागिने विकत होती. नंतर 1907 च्या फिलिपिन्सच्या पहिल्या असेंब्लीत (कायदेमंडळात) तो बातांगासमधून निवडून आला, आणि 1923 मध्ये गृहखात्याचा सेक्रेटरी झाला.

मृत्यूच्या नोंदी सोडू नका. तो 29 सप्टेंबर 1941 ला गेला, ती 30 मे 1946 ला, मधे अख्खं दुसरं महायुद्ध होऊन गेलं. 1945 च्या लढाईत मनिलाची बरीच कागदपत्रं जळाली, म्हणून मनिलात नोंद मिळाली नाही तर मूळ गावचं चर्च आणि दफनभूमी बघा. तालमधलं मार्सेलाच्या माहेरचं घर आज म्युझियम आहे, आणि त्याच्या नावात मार्सेलाही आहे.